अमेरिकेतील निवडक विद्यापीठे आणि स्थलांतरितांची मुले

हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीपूर्व वर्गात २०२४ साली दाखल होण्यासाठी ५४,००८ अर्ज आले आणि त्यांपैकी १,९३७ अर्जदारांना प्रवेश देऊ करण्यात आला. म्हणजे शेकडा साडेतीनांहून किंचित अधिक. परदेशातून येऊन अमेरिकेत वसलेले, अथवा अजून वसण्याच्या खटपटीत असलेले आईबाप आपल्या मुलाला अशा विद्यापीठात प्रवेश मिळण्याचा संभव कितपत आहे असे विचारतात, तेव्हा त्यांच्यापुढे बहुधा असाच एखादा आकडा ठेवला जातो, आणि तो जितका खरा तितकाच निरुपयोगी असतो. कारण ज्याचे वडील व आजोबा त्याच विद्यापीठाचे पदवीधर आहेत अशा धनिकपुत्राची आणि सातव्या वर्षी ग्वाटेमालातून आलेल्या एखाद्या शेतमजुराच्या मुलीची सरासरी एकत्र काढली असता जे प्रमाण निष्पन्न होते, ते त्या दोघांपैकी एकालाही लागू पडत नाही. गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नावर जे वादंग माजले, जे कायदे व मुकदमे झाले आणि अर्थशास्त्रज्ञांनी व समाजशास्त्रज्ञांनी जे संशोधन केले, ते नजरेखालून घातल्यावर माझे मत असे बनले आहे की, स्थलांतरिताच्या मुलाचा निकाल प्रवेशसमितीपुढे जितका लागतो त्याहून कितीतरी अधिक तो त्यापूर्वीच, वास्तव्याच्या कागदपत्रांत, कुटुंबाच्या सांपत्तिक स्थितीत आणि शाळेतील सल्लागाराच्या दप्तरात लागून गेलेला असतो. यामुळे समितीची जबाबदारी हलकी होत नाही, आणि या बाबतीतला तिचा पूर्वेतिहासही उजळ नाही.

तो पूर्वेतिहास येथे थोड्या विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण आजच्या प्रवेशपद्धतीची बहुतेक अंगे त्यातूनच निपजली आहेत. पहिल्या महायुद्धापर्यंत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांचा शिरस्ता आजच्या मानाने साधा होता: ठरावीक विषयांच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या, फी भरावी आणि दाखल व्हावे. परीक्षांत लॅटिनसारख्या विषयांचे प्रस्थ असल्यामुळे सामान्य सरकारी शाळांतील मुलांना ही वाट बिकटच होती. तथापि जो उत्तीर्ण झाला त्याच्या कुळाची चौकशी करण्याचा रिवाज नव्हता. १८८० नंतरच्या चार दशकांत पूर्व युरोपातील छळाला व दारिद्र्याला कंटाळून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत आले, बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील दाट वस्त्यांत राहिले, शिवणकामाच्या कारखान्यांत राबले, आणि त्यांच्या मुलांनी शहरांतील सरकारी शाळांत शिकून त्या परीक्षा उत्तीर्ण करण्यास प्रारंभ केला. हार्वर्डमधील ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण १९०० साली शेकडा ७ होते, ते १९२२ पर्यंत शेकडा २१ च्या वर गेले. विद्यापीठाचे अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल हे त्या वेळी स्थलांतरावर निर्बंध घालू पाहणाऱ्या संघाचे एक उपाध्यक्षही होते, ही गोष्ट पुढील घटनाक्रम समजण्यास पुरेशी आहे. त्यांनी १९२२ साली ज्यूंच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याची सूचना केली, तिच्यावर वृत्तपत्रांतून व अध्यापकवर्गातून एवढे काहूर उठले की प्रकरण एका समितीकडे सोपवावे लागले, आणि समितीने दुसऱ्या वर्षी ती सूचना फेटाळली.

येथेच प्रकरण मिटले असते तर ते एक सन्माननीय प्रकरण ठरले असते. परंतु जे उघडपणे करता आले नाही ते आडमार्गाने करण्यात आले. प्रवेशाच्या अर्जात अर्जदाराचा वंश व धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचे जन्मस्थान, इतकेच काय पण जन्मानंतर स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय, अशी पृच्छा होऊ लागली. १९२६ मध्ये पहिल्या वर्षाच्या जागा एक हजारावर मर्यादित करण्यात आल्या आणि जागा कमी व उमेदवार फार अशी स्थिती निर्माण झाल्यावर निवड केवळ परीक्षेवर न करता ‘चारित्र्य’, नेतृत्व, खेळ, वागणूक यांच्या एकंदर अजमासावर करण्याचा अधिकार विद्यापीठाने स्वतःकडे घेतला. अर्जासोबत छायाचित्र आले, शिफारसपत्रे आली, मुलाखत आली. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला: १९२५ साली नव्या विद्यार्थ्यांत एक-चतुर्थांशाहून अधिक असलेले ज्यूंचे प्रमाण थोड्याच वर्षांत शेकडा १५ च्या आसपास आणून ठेवण्यात आले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात हा सारा पत्रव्यवहार दप्तरखान्यातून बाहेर काढून मांडला आहे, आणि तो वाचल्यावर अर्जदाराचे समग्र मूल्यमापन ही कल्पना निव्वळ उदारबुद्धीतून जन्मली असे कोणालाही म्हणता येणार नाही.

ज्यांना हे दरवाजे बंद झाले त्यांचे काय झाले? न्यूयॉर्कमध्ये १८४७ साली स्थापन झालेले सिटी कॉलेज नगरीतील मुलांना फी न घेता शिकवीत असे, आणि तेथे स्थलांतरितांच्या मुलांची एवढी रीघ लागली की दोन महायुद्धांच्या दरम्यान विद्यार्थ्यांत बहुसंख्या ज्यूंचीच होती. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क १९३४ साली तेथूनच पदवीधर झाले. मिन्स्कहून आलेल्या पित्याचा पुत्र रिचर्ड फाइनमन याला कोलंबियाने नाकारले, तेथेही ज्यूंच्या संख्येवर मर्यादा होतीच. मग तो १९३५ साली एम.आय.टी.मध्ये दाखल झाला. अशा नावांवरून काही लोक असे अनुमान काढतात की बुद्धिमान मुलगा कोठेही वर येतोच, सबब निवडक विद्यापीठाचा एवढा सोस कशाला. मला हे अनुमान मान्य नाही. जे वर आले त्यांचीच नावे आपल्यापर्यंत पोचली. फीविना शिकण्याची सोय ज्या शहरांत नव्हती तेथील मुलांची नोंद कोणी ठेवली नाही.

१९२० च्याच दशकात आणखी एक साधन जन्मास आले, आणि त्याचीही कुळकथा विचार करण्याजोगी आहे. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली सैनिकांच्या बुद्धिमापनचाचण्यांच्या आधारे असे प्रतिपादिले की दक्षिण व पूर्व युरोपातून येणारे लोक बुद्धीने हलके आहेत. दुसऱ्याच वर्षी, १९२४ मध्ये, त्याच भागांतून येणाऱ्यांची संख्या अत्यल्प करणारा कायदा अमेरिकन काँग्रेसने संमत केला, आणि १९२६ मध्ये ब्रिगहॅम यांच्याच देखरेखीखाली ‘सॅट’ ही चाचणी प्रथम घेण्यात आली. १९३० साली त्यांनी आपला सिद्धान्त जाहीरपणे मागे घेतला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला भूषणावह आहे. पुढे हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९३४ पासून तीच चाचणी दूरदूरच्या गावांतील निर्धन पण हुशार मुले हुडकण्यासाठी वापरली. इकडे समग्र मूल्यमापनाचेही असेच झाले. प्रवेशात वंश विचारात घेण्याविषयीच्या १९७८ च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डची पद्धत आदर्श म्हणून पुढे केली, आणि ज्या साधनाने एके काळी ज्यूंना बाहेर ठेवले त्याच साधनाने कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी मुलांना आत घेतले जाऊ लागले. यावरून मी एवढेच म्हणेन की चाचणी चांगली की समग्र मूल्यमापन चांगले हा वाद अधांतरी लढवण्यात अर्थ नाही. ते साधन कोणाच्या हाती आहे आणि त्यावर देखरेख कोणाची आहे हे आधी पाहिले पाहिजे.

१९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार भेदभाव संपुष्टात आणला आणि आशिया, आफ्रिका व कॅरिबियन बेटे यांतून नवे लोक येऊ लागले. त्यांच्यात जो प्रचंड अंतर्गत भेद आहे तो लक्षात न घेतल्याने या प्रश्नावरील पुष्कळशी चर्चा वाया गेली आहे. जेनिफर ली व मिन झाऊ यांनी २०१५ मधील आपल्या ग्रंथात दाखविले आहे की काही देशांतून अमेरिकेत येणारे लोक मायदेशातील सर्वसाधारण लोकांपेक्षा तर अधिक शिकलेले असतातच, पण अमेरिकनांहूनही अधिक शिकलेले असतात; अमेरिकेतील भारतीय स्थलांतरित प्रौढांत पदवीधरांचे प्रमाण शेकडा ७० च्या वर आहे, यात नवल काही नाही, कारण व्हिसाच्या चाळणीने त्यांना आधीच निवडून आणलेले असते. अशा घरातील मुलगी वर्गात पहिली आली तर ते तिच्या कष्टाचे फळ आहेच, परंतु त्यामागे आईबापांची दोन-दोन पिढ्यांची विद्याही उभी असते. डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अठ्ठावीस निवडक महाविद्यालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९९ मध्ये दाखल झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी शेकडा २७ स्वतः स्थलांतरित अथवा स्थलांतरितांची संतती होते, वस्तुतः त्या वयाच्या एकूण कृष्णवर्णीयांत त्यांचे प्रमाण शेकडा १३ च होते, आणि आयव्ही लीगमध्ये तर ते शेकडा ४१ निघाले. हार्वर्डच्या लानी गिनियर व हेन्री लुई गेट्स या दोन अध्यापकांनी २००४ मध्येच हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला होता की, गुलामगिरीच्या वारशाची भरपाई म्हणून दिल्या जाणाऱ्या जागा ज्यांच्या पूर्वजांनी तो वारसा भोगलाच नाही अशांना जात असतील तर त्या धोरणाचा हेतू साधतो काय. प्रश्न अवघड आहे आणि तो विचारल्याबद्दल त्यांना दूषण देणाऱ्यांनी अन्याय केला. आपल्या विषयापुरता त्याचा बोध असा की, लागोसहून आलेल्या डॉक्टरची मुलगी आणि होंडुरासहून पायी आलेल्या बांधकाम मजुराचा मुलगा या दोघांना एकाच सदरात घालून काढलेला निष्कर्ष दिशाभूल करणाराच असणार.

आता कायद्याकडे वळतो, कारण या साऱ्या प्रकरणाचे मर्मस्थान तेथे आहे. स्थलांतरितांची जी मुले अमेरिकेतच जन्मली ती नागरिक आहेत, आणि ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे अथवा ज्यांना निर्वासित म्हणून आश्रय मिळाला आहे ती बहुतेक बाबतींत नागरिकांच्या बरोबरीने मोजली जातात. त्यांना सरकारी विद्यार्थी-साहाय्याचा अर्ज करता येतो आणि समितीही त्यांना देशी अर्जदारांत धरते. ज्यांच्याकडे कोणताच परवाना नाही आणि ज्यांचा परवाना आईबापांच्या नोकरीवर अवलंबून आहे, अशा दोन वर्गांची गोष्ट मात्र निराळी आहे.

पहिल्या वर्गाच्या संबंधात १९८२ चा प्लायलर खटला मूलभूत आहे. टेक्सासमधील टायलर गावच्या शाळांनी बेकायदा वास्तव्य असलेल्या कुटुंबांतील मुलांकडून फी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते घटनाबाह्य ठरविले, आणि न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकालपत्रात आईबापांच्या कृत्याबद्दल मुलांना शिक्षा करणे अन्याय्य असल्याचे प्रतिपादिले. परंतु हा निवाडा बारावीपर्यंतच पोचतो. त्यामुळे बारा वर्षे सरकारने आपल्या खर्चाने शिकविलेला मुलगा अठराव्या वर्षी एकाएकी परका होतो: सरकारी साहाय्य नाही, सरकारी कर्ज नाही, नोकरीची मुभा नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्टो गोन्झालेस यांनी लॉस एंजेलिस परिसरातील दीडशे तरुणांचा बारा वर्षे पाठपुरावा करून २०१६ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्यात ही अवस्था अत्यंत सहृदयतेने नोंदली आहे. ड्रायव्हिंग लायसन्सचा अर्ज किंवा महाविद्यालयाचा अर्ज भरायला बसेपर्यंत आपण परवान्याविना आहोत हे कित्येकांना ठाऊकही नसते.

१९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांचेही हात आवळले. त्यातून वाट काढून २००१ साली टेक्सासने, रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांच्या सहीने, आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियाने असा नियम केला की राज्यातील शाळेत ठरावीक वर्षे शिकून उत्तीर्ण झालेल्या मुलांकडून, त्यांचे कागद कसेही असोत, रहिवाशांचीच फी घ्यावी. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात रहिवासी व परराज्यातील विद्यार्थी यांच्या फीत तिपटीहून अधिक अंतर आहे हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे मोल कळते. सुमारे वीस राज्यांनी हा मार्ग अनुसरला. परंतु जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने टेक्सासवर दावा लावला, राज्याच्या महाधिवक्त्यांनी बचाव न करता त्याच दिवशी मान तुकविली, आणि चोवीस वर्षे चाललेली तरतूद एका हुकुमाने रद्द झाली. फ्लोरिडाने तर त्याच वर्षी आपला नियम आपणच मोडीत काढला. ज्या मुलांनी प्रवेश घेऊन एक-दोन वर्षे शिक्षण पुरे केले होते त्यांच्या डोक्यावर तिप्पट फीचा बोजा येऊन पडला, आणि टेक्सासमध्ये तर त्या मुलांची बाजू न ऐकताच हुकूम निघाला, ही गोष्ट मला त्या निकालाहूनही अधिक अनुचित वाटते.

काँग्रेसकडून कायमची सोय होईल अशी आशा २००१ पासून दाखविली जात आहे. डर्बिन व हॅच या सिनेटरांचे ड्रीम विधेयक २०१० मध्ये कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मते पडूनही, साठ मतांची आवश्यकता असल्याने, अडकले. मग राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सरकारने १५ जून २०१२ रोजी ‘डाका’ नामक तात्पुरती तजवीज केली, जिच्यामुळे सुमारे आठ लाख तरुणांना नोकरीची परवानगी व हद्दपारीपासून अभय मिळाले. तिची एक अट मात्र आज विसरली जाते: अर्जदार १५ जून २००७ पासून अमेरिकेत सलग राहिलेला असला पाहिजे. म्हणजे आज सतराव्या-अठराव्या वर्षी महाविद्यालयाचा अर्ज भरणारी पिढी जवळजवळ समूळ त्या तजविजीबाहेर आहे.

अशा मुलांना खाजगी निवडक विद्यापीठ हाच कधीकधी सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटले तरी खरे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. आणि अ‍ॅमहर्स्ट ही विद्यापीठे अर्जदाराचे नागरिकत्व कोणतेही असो, त्याची ऐपत न पाहता निवड करतात आणि निवडल्यावर लागेल तेवढे साहाय्य स्वतःच्या निधीतून देतात. अलीकडे डार्टमथ, बोडन व ब्राउन यांनीही परदेशी अर्जदारांना हे धोरण लागू केले आहे. उरलेल्या बहुसंख्य संस्थांत मात्र परदेशी म्हणून गणल्या गेलेल्या अर्जदाराने साहाय्य मागितले की त्याचा संभव घटतो, कारण त्यांच्यासाठी राखलेला निधी तुटपुंजा असतो. त्याच गुणांचा, त्याच वर्गात त्याच शिक्षकांपाशी शिकलेला मुलगा एका गठ्ठ्यात गेला तर एक संभव आणि दुसऱ्या गठ्ठ्यात गेला तर दुसरा.

प्रिन्स्टनचे प्राध्यापक डॅन-एल पडिया पेराल्टा यांचे चरित्र या संदर्भात वारंवार सांगितले जाते. चौथ्या वर्षी सांतो दोमिंगोहून ते न्यूयॉर्कला आले, परवाना संपला, कुटुंब निराधारांच्या निवाऱ्यात राहिले. तेथे येणाऱ्या एका स्वयंसेवकाने या मुलाची वाचनाची ओढ हेरली आणि त्याच्या साहाय्याने एका नामांकित खाजगी शाळेत शिष्यवृत्तीवर प्रवेश झाला. २००६ साली प्रिन्स्टनच्या पदवीदान समारंभात लॅटिनमध्ये भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला, त्या वेळीही त्यांच्याकडे वास्तव्याचा कागद नव्हता. ही कथा थोर आहे. परंतु तिचे तात्पर्य जिद्दीपुरते सांगणाऱ्यांनी तो स्वयंसेवक वजा करून पाहावा. त्या निवाऱ्यात आणखीही मुले होती.

परवाना आईबापांच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या वर्गात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून त्याविषयी थोडे विशेष लिहितो. पुणे, मुंबई, नागपूर येथून संगणकक्षेत्रातील नोकरीवर एच-१बी परवान्याने न्यू जर्सीतील एडिसन किंवा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे गेलेल्या कुटुंबांतील मुले एच-४ परवान्यावर असतात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यापैकी शेकडा ७ हून अधिक ग्रीन कार्डे देऊ नयेत, या नियमामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकानुदशके लांबली आहे; आणि मूल एकवीस वर्षांचे झाले की, २००२ च्या कायद्याने दिलेली थोडी सवलत वगळता, ते आईबापांच्या अर्जातून गळते. तिसऱ्या वर्षी आलेली, शाळेत इंग्रजीतच वाढलेली, शनिवार-रविवारी मराठी शाळेत जाऊन आजीशी बोलण्यापुरते मराठी टिकवून ठेवलेली मुलगी अर्जात आपले नागरिकत्व भारतीय लिहिते आणि कित्येक विद्यापीठांत पुण्याहून थेट अर्ज करणाऱ्या मुलांच्या स्पर्धेत जाऊन बसते. तिला सरकारी साहाय्य नाही, उन्हाळ्यात पगारी उमेदवारी करण्याची मुभा नाही, आणि एकवीस पूर्ण होताच विद्यार्थी-परवाना घ्यावा किंवा देश सोडावा एवढेच पर्याय उरतात. घरात उत्पन्न बरे असल्याने या मुलांची अडचण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. अशा कुटुंबांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, अकरावीतच प्रत्येक विद्यापीठाला लेखी विचारावे: तुम्ही अर्जदाराला नागरिकत्वावरून मोजता की शाळेच्या ठिकाणावरून, आणि साहाय्य मागितल्याचा निवडीवर परिणाम होतो काय. उत्तरे संस्थेगणिक वेगळी येतात, आणि समाजमंडळांतून फिरणारी ऐकीव माहिती बहुधा जुनी असते.

कागदपत्रांनंतर शाळा. अमेरिकेतील सरकारी शाळांत सरासरीने एका सल्लागाराकडे पावणेचारशेच्या आसपास विद्यार्थी असतात. सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेने अडीचशेची मर्यादा सुचविली आहे. ज्या घरात आईबापांना तेथील महाविद्यालयाचा काहीच अनुभव नाही तेथे ही उणीव घातक ठरते. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांच्या वतीने लढविलेल्या १९७४ च्या लाऊ खटल्याने इंग्रजी न येणाऱ्या मुलांना मदत करणे शाळांवर बंधनकारक केले. परंतु भाषेच्या खास वर्गांत अडकलेली मुले गणित-विज्ञानाच्या वरच्या वर्गांपासून वंचित राहतात असे पुढील संशोधनात दिसून आले आहे, आणि ते वर्ग केल्याखेरीज निवडक विद्यापीठाचा विचारही करता येत नाही. कॅरोलिन हॉक्सबी व क्रिस्टोफर अ‍ॅव्हरी यांनी २०१३ मध्ये दाखविले की गरीब घरांतील अत्युत्तम गुणांची बहुसंख्य मुले निवडक महाविद्यालयांना अर्जच करीत नाहीत. मग हॉक्सबी व सारा टर्नर यांनी विद्यार्थ्यामागे सुमारे सहा डॉलर खर्चून माहितीपत्रके पाठविली तेव्हा अर्ज वाढले. मात्र पुढे हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला असता परिणाम जवळजवळ शून्य आला. याउलट मिशिगन विद्यापीठाने गरीब व हुशार मुलांना, त्यांच्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना नावानिशी पत्र पाठवून चार वर्षांची फी माफ होईल असे निःसंदिग्ध वचन दिले, तेव्हा अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २६ वरून ६८ वर आणि दाखल होणाऱ्यांचे १२ वरून २७ वर गेले. यात विलक्षण गोष्ट अशी की त्या मुलांपैकी बहुतेकांना ती माफी एरवीही मिळालीच असती. कागदांच्या जंजाळाने पिढ्यानपिढ्या धास्तावलेल्या कुटुंबाला माहिती पुरत नाही, शब्द हवा असतो.

समितीच्या खोलीत शिरल्यावरही स्थलांतरिताच्या मुलाला एक गोष्ट कधीच मिळवता येत नाही, ती म्हणजे त्याच विद्यापीठाचा पदवीधर बाप. आशियाई अर्जदारांविरुद्ध पक्षपात केल्याच्या आरोपावरून हार्वर्डवर भरलेल्या खटल्यात २०१८ मध्ये जी कागदपत्रे उघड झाली त्यांतून अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो व सहकाऱ्यांनी दाखविले की प्रवेश मिळालेल्या श्वेतवर्णीयांपैकी शेकडा ४३ हून अधिक अर्जदार हे भरती केलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, अध्यापकांची मुले किंवा अधिष्ठात्यांच्या विशेष यादीतील होते. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये बारा अग्रगण्य विद्यापीठांचा अभ्यास करून असे सिद्ध केले की चाचणीत समान गुण असूनही सर्वांत श्रीमंत शेकडा एक कुटुंबांतील मुलाचा अशा विद्यापीठात दाखल होण्याचा संभव मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असतो. हार्वर्डच्या त्याच खटल्यात आशियाई अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’च्या सदरात कमी गुण दिले गेल्याचेही पुढे आले, १९२६ चे ‘चारित्र्य’ आठवल्यावाचून ते वाचता येत नाही. कनिष्ठ न्यायालयाने हेतुपुरस्सर पक्षपात सिद्ध झाला नाही असे म्हटले, सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी वंश विचारात घेण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरविली, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या प्राधान्याला मात्र धक्का लागला नाही. एम.आय.टी. व कॅलटेक ते मानीत नाहीत, जॉन्स हॉपकिन्स व अ‍ॅमहर्स्ट यांनी ते बंद केले, कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खाजगी संस्थांनाही ते निषिद्ध करणारा कायदा केला. ही प्रथा सर्वत्र बंद व्हावी असे मला निःसंशय वाटते. स्थलांतरिताविरुद्ध इतका उघड आणि इतका निरर्थक दुसरा नियम या व्यवस्थेत नाही.

निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एवढी मुभा ठेवली की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहावे. तेव्हापासून निबंधावर भलताच भार आला आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलाने आईबापांचे हाल, सीमा ओलांडतानाची भीती, निर्वासितांच्या छावणीतील रात्री अपरिचितांच्या पुढ्यात मांडून जागा मागावी अशी अपेक्षा रूढ होत चालली आहे. कोणाला ते लिहावेसे वाटले तर त्याने अवश्य लिहावे. परंतु ज्याला पदार्थविज्ञानाविषयी किंवा फुटबॉलविषयी लिहायचे आहे त्याने आपले दुःख मांडले नाही म्हणून त्याचे पारडे हलके ठरू नये. चाचण्यांच्या बाबतीत कोविडच्या साथीत दिलेली गुण न कळविण्याची मुभा एम.आय.टी.ने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये मागे घेतली, आणि डार्टमथच्या अभ्यासात असे आढळले की गरीब घरांतील कित्येक अर्जदारांनी जे गुण त्यांना उपकारकच ठरले असते ते कमी समजून दडवून ठेवले. चाचणीतील गुण उत्पन्नाशी निगडित आहेत हे खरेच. पण निबंध, खेळ आणि शिफारसी यांचेही तसेच आहे.

सरकारी विद्यापीठांत वाटा थोड्या रुंद आहेत. टेक्सासने १९९७ च्या कायद्याने प्रत्येक शाळेतील वरच्या शेकडा दहा विद्यार्थ्यांना प्रवेशाचा हक्क दिला, त्यामुळे रिओ ग्रान्दे खोऱ्यातील मेक्सिकन कुटुंबांच्या शाळाही ऑस्टिनच्या नकाशावर आल्या. ऑस्टिनने पुढे ही मर्यादा कमी केली. कॅलिफोर्नियात ११६ सामुदायिक महाविद्यालयांपैकी एकात दोन वर्षे शिकून विद्यापीठाच्या सहा शाखांत हमीने बदली घेता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो येथे ती हमी नसली तरी बदलीने पुष्कळ विद्यार्थी घेतले जातात. उशिरा आलेल्या, सोळाव्या वर्षी इंग्रजी शिकू लागलेल्या मुलासाठी याहून चांगली वाट मला दिसत नाही, आणि आपल्या मंडळींत तिच्याविषयी जी कमीपणाची भावना आहे ती सोडून दिली पाहिजे.

खाजगी विद्यापीठांना काँग्रेसची वाट न पाहता करण्याजोगी एक गोष्ट आहे. ब्राउन विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीपासून अमेरिकेत राहणाऱ्या परवानाहीन मुलांना देशी अर्जदारांत मोजण्यास सुरुवात केली. त्यासाठी कोणता कायदा बदलावा लागला नाही, विद्यापीठाचा स्वतःचा निर्णय पुरला. अमेरिकेतील शाळेत चार वर्षे शिकून उत्तीर्ण झालेला प्रत्येक अर्जदार, त्याचा परवाना एच-४ असो, डाका असो वा काहीच नसो, देशी समजला जावा आणि त्याचे साहाय्य त्याच निधीतून दिले जावे, असा नियम प्रत्येक निवडक विद्यापीठाने करून तो अर्जाच्या पहिल्या पानावर छापावा; आणि दरवर्षी प्रवेशाचे आकडे प्रसिद्ध करताना या मुलांचे आकडे स्वतंत्र सदरात द्यावेत, म्हणजे आईबापांच्या प्रश्नाला निदान खरे उत्तर देता येईल.